घागरीची कावीळ

अण्णा, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मास्तरकाका दारूवर बोलले.

विहारापुढं मांडव घातला होता. टेबलावर तुझा फोटो होता, बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यातल्या ओळखपत्रासाठी काढलेला, ज्यात तू फोटोवाल्यावर चिडल्यासारखा दिसतोस. दुसरा चांगला सापडलाच नाही. पंचशील झालं. पाचवं शील, मद्य न घेण्याचं, सगळ्या मांडवानं एका आवाजात म्हटलं. त्यात कितीतरी जण असे होते, ज्यांना तू लग्नाच्या वरातीतून दंडाला धरून बाहेर काढलं होतंस. मग मास्तरकाका उठले. आपल्या सीमेवरच्या चिंताकी गावातले ते पहिले शिकलेले, चुलत्याच्या नात्याचे, त्यांच्यापुढं आजवर कोणी तोंड उघडलं नाही. रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "गौतम गुणी पोरगा होता. पण काही सवयी माणसाला आतून खातात. तरुणांनो, लिव्हर एकच असतं. यातून काहीतरी शिका."

सगळ्यांनी माना हलवल्या. वैनीनं पदर तोंडावर ओढला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, तरी उभं राहता आलं नाही. नंतर चहाच्या वेळी काकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "काका, अण्णा पीत नव्हता. थेंबसुद्धा नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. किती मायेनं ठेवला, काय सांगू! "व्हय रे बाळा, व्हय," म्हणाले. "गेलेल्या माणसाचं झाकावंच. तू बरोबर करायलास."

तेव्हापासून तुला सांगायचं म्हणून हे डोक्यात घोळतंय. आता परत मस्कतला आलोय. हॉटेलाच्या कपडे धुण्याच्या खोलीत दिवसभर चादरींवर इस्त्री फिरवतो, आणि सुट्टीच्या दिवशी वही घेऊन बसतो. ही सवय तुझीच. सातवीपर्यंत गावात मराठी होती, आठवीला औरादला गेलो तिथं सगळं कन्नड. माझ्या डोक्यात काही शिरेना आणि नववीत मी शाळा सोडली. माय रडली. तू रडला नाहीस, ओरडलाही नाहीस. मला बीदरला नौबादच्या तुझ्या खोलीवर घेऊन गेलास आणि रोज कामावरून आल्यावर पेपर मोठ्यानं वाचायला लावलास. "शाळा सोड. वाचायचं सोडलास तर पाय मोडीन," म्हणालास. चुकलो की थांबवायचास आणि भाकरी थापता थापता तो शब्द परत म्हणवून घ्यायचास. आज चार ओळी लिहितोय त्या तुझ्या त्या भाकरीच्या पिठातून आलेल्या आहेत. हे तुला कधी बोललो नाही. आपल्यात अशी बोलायची पद्धत नव्हती.

पण अण्णा, नुसते उपकार आठवायला बसलेलो नाही. मला तुझा राग आलाय.

तुला आठवतं, तुझ्या लग्नाआधी तुला कावीळ झाली होती? डोळे हळदीसारखे झाले, अन्नाचा वास नको झाला. माय म्हणाली, शिवेपलीकडच्या गावातल्या काविळीची माळ घालणाऱ्या म्हाताऱ्या अव्वाकडं जाऊ. तुझ्यापुढं असलं काही बोलायचं कोणाला धाडस नव्हतं. तू घरातले गंडेदोरे काढून चुलीत घातलेला माणूस. पाहुण्यांच्या पोराच्या दंडाला ताईत दिसला तरी तिथल्या तिथं भांडण काढणारा. "करून बघितल्याबिगर मानायचं न्हाई," हे तुझं ठरलेलं वाक्य. आम्हाला वाटलं, आता मायवर ओरडणार. तू मात्र विचारलंस, "त्यात मंतर हाय का?" माय म्हणाली, "न्हाई रे. झाडाच्या काड्या अस्तात दोऱ्यात बांधलेल्या. काड्या कावीळ ओढून घेतात." तू जरा वेळ विचार केलास आणि म्हणालास, "मंतर न्हाई, देव न्हाई. म्हंजे औषधच की हे. चल."

इथं चुकलास. देव नाही एवढंच बघितलंस आणि आत कोणती खोट आहे ते बघायचं विसरलास.

अव्वानं ती माळ तुझ्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती कपाळावर आली, मग गळ्यात उतरली, मग छातीवर, मग पोटावर. तेल नाही, हळद नाही, नुसता भात आणि उसाचा रस. मी रोज सकाळी उठून माळ कुठं आली ते बघायचो आणि मायला ओरडून सांगायचो. माळ मांडीपर्यंत आली तोवर तुझे डोळे पांढरे झाले होते. माळ तोडून ओढ्यात सोडली. माय म्हणाली, "उतरली." तू म्हणालास, "उतरली." आपण सगळेच म्हणालो. त्यानंतर कितीतरी जणांना तू स्वतःच्या मोटरसायकलवरून अव्वाकडं नेलंस. एकाही ताईतवाल्याला दारात उभं न करणारा तू! आणि ती माणसं बरी झाली, हे खरं आहे. साध्या काविळीतून बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. हे मला फार नंतर कळलं.

मग हैदराबाद. परदेशात जायचं तुझं ठरलं होतं. वैनी पोटुशी होत्या, घर बांधायचं होतं. सोबत म्हणून तू मलाही न्यायचं ठरवलंस. मेडिकलला आपण दोघं एकाच बाकावर बसलो, दोघांच्या हातावर कापसाचे बोळे. मी घाबरलो होतो, तू मला हसवत होतास. खिडकीतल्या माणसानं माझा कागद आधी दिला. मग तुझा बघत म्हणाला, "तुम अनफिट हैं, भाई. यरखान है तुमारे खून में. बी वाला."

यरखान म्हणजे कावीळ, एवढं तुला कळलं. तू हसलास. "मेरा तो उतर गया जी."

"उतरा नै. अंदर बैठको है," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

एवढंच सांगितलं त्यानं. कुठं बसलंय, काय करणार, कोणाला दाखवायचं, काही नाही. त्याचं काम तिथं संपलं होतं. परतीच्या बसमध्ये जहीराबाद येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास. मग तुझी नवी बॅग, त्या प्रवासासाठी हौसेनं घेतलेली निळी, माझ्या मांडीवर ठेवलीस. "तू जा. माझं काय, मी हितं हाय." ती बॅग अजून माझ्या कॉटखाली आहे, अण्णा. चाक तुटलंय, पण टाकवत नाही.

मी मस्कतला आलो आणि इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारलं. मोडक्या हिंदीत विचारलं, त्यांनीही मोडक्याच हिंदीत नीट सांगितलं. कावीळ म्हणजे एक आजार नाही. काही पाण्यातून, अन्नातून येतात आणि जातात. ही बी जात रक्तातून येते. न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, नवरा-बायकोत, आणि आईकडून बाळाला जन्मताना. मोठेपणी झाली तर बहुतेकांचं शरीर तिला हाकलून देतं. तान्हेपणी शिरली तर ती घर करून राहते. वर्षानुवर्षं काही दुखत नाही. मधेच एकदा डोळे पिवळे होतात आणि परत गप्प होते. पण लिव्हर हळूहळू निबर करत जाते. समूळ उपटत नाही. तरी तपासण्या करत राहिलं आणि लागली तर रोज एक गोळी घेतली, तर ती दबून राहते आणि माणूस पूर्ण आयुष्य जगतो. मी माळेचंही विचारलं. ते हसले. हिरव्या काड्या वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल होतात, दोरा लांबतो. "किसी के भी गले में डालो, लंबी होगी," म्हणाले.

त्याच दिवशी तुला फोन केला. आपलं पहिलं भांडण तिथं झालं, आणि मग दर फोनला तेच.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई, गोळी कशाची खाऊ?"

"आत बसलंय ते, अण्णा."

"तू कधी डॉक्टर झालास रे बारक्या? नववीत कन्नडचा पेपर कोरा ठेवून आला व्हतास."

माझी इथं राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला रक्ततपासणी असते. आपण एकाच वस्तऱ्यानं दाढ्या केलेल्या, एकाच आईच्या पोटचे. दरवेळी वाटतं, आता माझंही निघणार. निकाल आला की तुला कळवायचो आणि तू म्हणायचास, "पास झालास व्हय? शाळेत कधी झाला न्हाईस, रक्तात तरी झालास!" मी हसायचो. तूही हसायचास. एकदा त्या हसण्यातच विचारलं, "तू कधी बसणार परीक्षेला?" मग जे बोललास ते माझ्या कानातून जात नाही.

"ऐक. आपल्या आजाला गावात चहा करवंटीत मिळायचा. बापाची कपबशी हॉटेलाबाहेर खुंटीला असायची. आपलं ताट येगळं ठेवणाऱ्यांशी आपण भांडलो. आता मी रोगी हाय म्हणून कागद आणू आणि माझ्याच घरात माझं ताट येगळं करून घेऊ? तू सांगायलास तसं?"

"ताटानं होत नाही ते, अण्णा. एकत्र जेवल्यानं होत नाही. डॉक्टर..."

"डॉक्टर न्हाई म्हणील. शेजारी व्हय म्हणतील. कारखान्यात डबा कोण खाईल माझ्याबरूबर? पोरीला शाळेत कोण पाणी देईल?"

तू औषधांची खोकी ट्रकवर चढवायचं काम करायचास; त्यातल्या एखाद्या खोक्यात तीच गोळी असेल, असं मला कितीदा वाटायचं. तुझ्या हातांत असेल आणि तोंडात नाही. तुझी भीती खोटी नव्हती, हे मी मानतो. पण ज्यांनी आपल्याला वेगळं ताट दिलं, त्यांच्या भीतीपायी तू मेलास. त्यांनी एवढंही मागितलं नव्हतं तुझ्याकडं.

यंदा पोटात पाणी झालं, पाय सुजले, तेव्हा वैनीनं तुला बीदरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी रजा घेऊन पोचलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं तुझ्या पोटावर बोटं वाजवली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती प्यायचा?"

"थेंब बी न्हाई," तू म्हणालास. आवाज निघत नव्हता तरी मान ताठ केलीस.

"सगळे असंच म्हणतात," तो माझ्याकडं बघून म्हणाला.

रक्ताचा निकाल आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला बाहेर बोलावलं. लिव्हर पार निबर झालं होतं, त्यात गाठ होती. "हे कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं. मी हैदराबादचं सांगितलं. "तेव्हा आला असता," तो हळू म्हणाला, "तर एका गोळीवर म्हातारा झाला असता." तुझी माफी मात्र त्यानं मागितली नाही. मागायला हवी होती. तू जागा होतास आणि दाराकडंच बघत होतास.

तू गेल्यावर तो आणखी एक गोष्ट बोलला होता: घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. बायकोची, मुलीची, आईची. आणि अण्णा, खरं सांगायचं तर तुझ्यासाठी रडायलाही मला सवड मिळाली नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढं सुजाता होती. तुझ्या कुशीत झोपणारी, तुझ्या ताटातलं उचलून खाणारी, तुझ्याच दाढीच्या ब्लेडनं पेन्सिली तासणारी तुझी पोरगी. माझी रजा संपत आली होती. मी निघून गेलो असतो तर ती तपासणी कधीच झाली नसती.

मी तपासणीचं काढलं तर वैनी तुझंच बोलल्या. "भाऊजी, दारूनं गेले म्हणायलेत लोक, म्हणू द्या. दारू बापाची अस्ती, पोरीला चिकटत न्हाई. रोग म्हणलं की उद्या हिला कोण करून घेईल?"

बघ, अण्णा. तुझ्यावरचा तो खोटा आळ तुझ्याच बायकोला सोयीचा वाटला. मी त्यांना दोष देत नाही. देऊ तरी कसा?

आणि माय? माय शिवेपलीकडं जाऊन अव्वाच्या सुनेकडून माळ घेऊन आली. हिरव्या ताज्या काड्यांची. "पोरीच्या डोक्यावर आत्ताच ठेवते. कावीळ यायची वाट कामून बघायची?"

मी ओरडणार होतो. पण फळीवरच्या रिकाम्या तांब्याच्या घागरीकडं लक्ष गेलं आणि तुझं वाक्य आठवलं. मी म्हणालो, "माय, आधी ही माळ घागरीच्या गळ्यात घालू. खाली उतरली न्हाई तर सुजाताच्या डोक्यावर ठेव, मी आड येणार न्हाई."

"याड लागलंय व्हय तुला? घागरीला कशाला?"

"करून बघितल्याबिगर मानायचं न्हाई. अण्णाच म्हणायचा की."

तुझं नाव आल्यावर तिनं माळ माझ्या हातात दिली. घागरीच्या गळ्याभोवती ती घट्ट बसली होती. दुसऱ्या दिवशी सैल झाली. मग फुगीर पोटावर घसरली, मग फळीवर टेकली. सुजाता रोज सकाळी उठून बघायची आणि ओरडून सांगायची, जसा मी तुझ्या वेळी सांगायचो. आणि एका सकाळी माळ फळीच्या खाली लोंबायला लागली तेव्हा ती टाळ्या वाजवून म्हणाली, "आज्जी, घागरीची कावीळ उतरली!"

तू गेल्यापासून घरात कोणी पहिल्यांदा हसलं. वैनीसुद्धा हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. माय हसली नाही. तिनं घागर खाली घेतली, माळ हातात धरून किती वेळ बसून राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. मांडीपर्यंत आलेली तुझी माळ ती बघत होती. मग उठून तिनं लुगडं बदललं आणि म्हणाली, "टमटमवाल्याला सांग. बीदरला जायचंय. सगळ्यांनी."

दवाखान्यात पहिला हात तिनंच पुढं केला.

सुजाता ठीक आहे, अण्णा. औरादच्या दवाखान्यात जन्मली तेव्हाच तिला लस दिली होती, आणि ती तिच्या अंगात अजून पहारा करते आहे. पेन्सिलीही आता मी पाठवलेल्या यंत्रानं तासते. वैनींना कधीतरी होऊन गेलं होतं आणि त्यांच्या शरीरानं ते हाकलून दिलं होतं, त्यांना कळलंही नव्हतं.

मायच्या रक्तात आहे.

डॉक्टरनं मला एकट्याला आत बसवून सांगितलं. बहुतेक तुझ्या जन्माच्या वेळीच तुला तिच्याकडून आलं असेल. तेव्हा कोणी तपासत नव्हतं, बाळांना लस नव्हती. प्रत्येक बाळाला येतंच असं नाही, म्हणून मी सुटलो. तिला कुठून आलं ते आता कळायचं नाही. तिचं लिव्हर मात्र अजून चांगलं आहे. नेमानं तपासत राहायचं. "दोष कोणाचाच नाही," तो म्हणाला. यावेळी नीट बोलला.

बाहेर कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर माय बसली होती. "माझं काय आलं रे?"

"तुला बी हाय, माय. पण लिव्हर चांगलं हाय. सहा महिन्याला यायचं दाखवायला. लागली तर गोळी."

ती कोपरावरचा कापूस दाबत राहिली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "गौतमकडून आलं व्हय मला?"

अण्णा, मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं तुला गमावलं होतं. तुझ्या डोक्यावर माळ ठेवायला नेल्याचं ओझं तिनं नुकतंच उचललं होतं. त्यावर हे आणखी कसं ठेवायचं?

"व्हय," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. "तेवढं तरी हाय माझ्याकडं त्याचं."

लोकांनी तुझ्यावर दारूचा आळ घातला आणि हा दुसरा मी घातला. तो तू आनंदानं घेतला असतास, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच धाडस झालं. मायला वाचता येत नाही म्हणून इथं लिहिलं. वैनींना खरं काय ते निघताना सांगून आलोय. गावातलं कोणी हे वाचलं, तर मास्तरकाकांना जरूर वाचून दाखवा. मायला नको.

परवा वैनींनी व्हिडिओवर जेवणं दाखवली. मायनं फळीवरून तुझं नाव कोरलेलं स्टीलचं ताट काढलंय. त्यातच जेवते. मी लगेच म्हणालो, "माय, ताट येगळं करायची गरज न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय न्हवं?"

"येगळं कुठं रे?" ती म्हणाली. "गौतमचंच हाय की."

आणि तेवढ्यात सुजातानं बाजूनं हात घालून त्यातला भाकरीचा तुकडा उचलला, तुझ्या ताटातला उचलायची तसाच. कोणी तिचा हात धरला नाही, अण्णा.